रुंद रस्ता आणि सुरक्षित रस्ता: कोकणातील महामार्गाची पुनर्बांधणी समजून घेताना

पनवेलहून निघून कोकणातून गोव्याकडे जाणारा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १७ होता आणि आता तो ६६ क्रमांकाने ओळखला जातो. त्याच्याविषयी बोलताना आपण बहुतेक वेळा दोनच प्रश्न विचारतो: चौपदरीकरण कधी पूर्ण होणार आणि खड्डे कधी बुजणार? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, कारण पनवेल ते इंदापूर या पहिल्या टप्प्याचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि त्यानंतरच्या प्रत्येक गणपतीला चाकरमान्यांनी या रस्त्याचे हाल सोसले आहेत. परंतु या दोन प्रश्नांच्या गलबल्यात एक तिसरा प्रश्न मागे पडतो आणि माणसांच्या जिवाशी थेट संबंध त्याचाच आहे. वळणावळणाचा जुना रस्ता नव्याने बांधताना तो सुरक्षित नेमका कशामुळे होतो?

दोन पदरांचे चार पदर केले की समोरून येणाऱ्या वाहनाशी धडक होण्याची शक्यता दुभाजकामुळे पुष्कळ कमी होते, हे खरे आहे, आणि हा लाभ मोठा आहे. मात्र रुंदी वाढली की वेगही वाढतो, आणि वाढलेल्या वेगाला साजेशी वळणे, उतार, गटारे आणि गावांपाशी ओलांडण्याच्या सोयी झाल्या नाहीत, तर अपघात थांबत नाहीत. त्यांचे प्रकार तेवढे बदलतात. रस्त्याची सुरक्षितता दोन गोष्टींवर ठरते. रस्त्याने चालकाला अचानक चकवू नये, ही पहिली. आणि चालकाकडून चूक झालीच तर त्या चुकीची किंमत त्याला किंवा रस्त्याकडेने चालणाऱ्याला जिवाने मोजावी लागू नये, ही दुसरी. पुढचे सगळे विवेचन या दोन कसोट्यांभोवतीच फिरते.

जुना रस्ता असा का आखला गेला

कोकणात रस्त्याला सरळ जायला मुळात वावच कमी. पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात पूर्वेकडून पश्चिमेकडे धावणाऱ्या नद्या: अंबा, कुंडलिका, सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, गड, कर्ली, तेरेखोल. महामार्ग उत्तर-दक्षिण जात असल्याने त्याला यातली एकेक नदी ओलांडावी लागते, आणि दोन नद्यांच्या खोऱ्यांमध्ये आडवी आलेली डोंगराची सोंड चढून उतरावी लागते. सुकेळी खिंड, कशेडी, भोस्ते, परशुराम, कामथे, निवळी हे घाट म्हणजे या सोंडाच होत.

ज्या काळी हा मार्ग आखला गेला त्या काळी यंत्रे कमी होती आणि खडक फोडणे महाग होते. म्हणून डोंगराच्या अंगाने, उंची शक्य तितकी सारखी ठेवत, प्रत्येक घळीत आत शिरत आणि प्रत्येक सोंडेवरून बाहेर येत रस्ता नेला गेला. पुलांचीही हीच गोष्ट. नदी काटकोनात ओलांडली तर पूल सर्वांत आखूड आणि स्वस्त होतो, त्यामुळे नदीजवळ येताच रस्ता एकदम वळवून पुलावर आणला गेला आणि पलीकडे पुन्हा वळवून मूळ दिशेला लावला गेला. अरुंद पूल आणि त्याच्या दोन्ही तोंडांशी तीव्र वळण, ही जोडी जुन्या रस्त्यावर वारंवार दिसते, याचे कारण हे आहे. त्या काळच्या वाहनांच्या वेगाला ही रचना पुरेशी होती आणि ती करणाऱ्या अभियंत्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पुढे वाहनांचा वेग, वजन, लांबी आणि संख्या सगळेच वाढले. वळणे मात्र होती तिथेच राहिली.

वळणाचे गणित

वाहन वळत असताना त्याला सरळ पुढे जायचे असते, आणि त्याला वळणात धरून ठेवण्याचे काम दोन गोष्टी करतात. एक म्हणजे टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षण. दुसरी म्हणजे वळणावर रस्त्याची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा उंच ठेवून दिलेला तिरपेपणा, ज्याला रस्त्याच्या कामावरची माणसे सुपर एलिव्हेशन म्हणतात. सायकलवाला वळताना शरीर आत झुकवतो, तेच काम इथे रस्ता स्वतः तिरपा होऊन करतो. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांनुसार हा तिरपेपणा सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांपर्यंत आणि बर्फ न पडणाऱ्या डोंगराळ भागात १० टक्क्यांपर्यंत ठेवता येतो. घर्षणाचा हिशेब ०.१५, म्हणजे वाहनाच्या वजनाच्या १५ टक्के, इतकाच धरतात. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर प्रत्यक्ष घर्षण याहून खूप जास्त मिळते, पण रचना करताना ओला रस्ता, झिजलेले टायर आणि वर जड माल लादलेला ट्रक गृहीत धरावा लागतो.

या दोन्हींची बेरीज आणि वळणाची त्रिज्या मिळून सुरक्षित वेग ठरवतात. इथे नीट लक्षात ठेवावी अशी एकच बाब आहे: गरज वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ६० मीटर त्रिज्येचे एक वळण घेऊ. घाटात अशी वळणे असतातच. ताशी ४० किलोमीटर वेगाने ते घेताना तिरपेपणा आणि घर्षण मिळून सुमारे ०.२१ इतका आधार लागतो, आणि ७ टक्के तिरपेपणा असेल तर नियमात धरलेल्या घर्षणात तो बसतो. तेच वळण ताशी ६० ने घेतले तर गरज सुमारे ०.४७ होते, म्हणजे वेग दीडपट झाल्यावर गरज सव्वादोन पट झाली. तिरपेपणाचे ०.०७ वजा केले तरी ०.४० इतके घर्षण टायरकडे मागावे लागते. कोरड्या रस्त्यावर लहान गाडी तेवढे मिळवते आणि चालकाला काही जाणवतही नाही. पहिल्या पावसात, तेल आणि तांबडी धूळ मिसळून रस्ता बुळबुळीत झालेला असताना, तेवढे घर्षण मिळेलच याची खात्री देता येत नाही. वायूचा किंवा तेलाचा टँकर, किंवा उंच कंटेनर असेल, तर तो घसरण्याच्याही आधी उलटू शकतो, कारण त्याचा गुरुत्वमध्य उंच असतो आणि अर्धवट भरलेल्या टँकरमधला द्रव वळणावर बाहेरच्या बाजूला लोटला जातो. खेडजवळच्या भोस्ते घाटातील वळणावर किंवा हातखंब्याच्या उतारावर अवजड वाहने उलटल्याच्या बातम्या आपण इतक्या वेळा वाचतो, त्यामागचे भौतिकशास्त्र हे असे आहे. ‘चालकाचे नियंत्रण सुटले’ या बातमीतल्या ठरावीक वाक्याआड वळणाची त्रिज्या, तिरपेपणा आणि उतार यांचा हा सगळा हिशेब लपलेला असतो.

ताशी ८० किलोमीटर वेगासाठी, ७ टक्के तिरपेपणा धरून, कमीत कमी सुमारे २३० मीटर त्रिज्येचे वळण लागते. ६० मीटरवरून २३० मीटरवर जाणे म्हणजे त्याच जागी थोडी माती काढणे नव्हे. तिथे रस्त्याची आखणीच बदलावी लागते, डोंगराचा मोठा भाग कापावा लागतो किंवा दरीवर पूल टाकावा लागतो, नवी जमीन संपादित करावी लागते, आणि कधी कधी थेट बोगदाच काढावा लागतो. कोकणात सातबाऱ्यावर दहा-वीस सहहिस्सेदार असणे, त्यांतले निम्मे मुंबईत असणे ही नित्याची गोष्ट आहे, त्यामुळे जमिनीचा प्रश्न आखणीच्या प्रश्नाइतकाच अवघड बनतो. म्हणूनच जिथे वळण सुधारण्याची सर्वांत जास्त गरज असते नेमक्या तिथेच ‘आहे त्याच जागेत रुंदीकरण’ करून मोकळे होण्याचा मोह होतो, आणि माझ्या मते संपूर्ण पुनर्बांधणीत याहून घातक तडजोड दुसरी नाही.

कारण चालकाचा वेग पाटीवरच्या आकड्याने ठरत नाही. मागच्या दोन-तीन किलोमीटरच्या रस्त्याने त्याची जी समजूत करून दिलेली असते, तिने ठरतो. सलग दहा किलोमीटर चौपदरी, सिमेंट काँक्रीटचा, मोकळा रस्ता मिळाला की ताशी ८०-९० हा वेग सहज वाटू लागतो, आणि मग अचानक जुने, ताशी ४० चेच वळण समोर येते. रस्तेरचनेत एक सर्वमान्य आडाखा आहे: लागोपाठच्या दोन भागांवर वाहने प्रत्यक्ष ज्या वेगाने जातात त्यांतला फरक ताशी १० किलोमीटरपर्यंत असेल तर रचना चांगली, आणि २० च्या वर गेला तर ती धोक्याची. सगळा घाट ४० चा असेल तर चालक ४० च्या मनःस्थितीत असतो आणि तुलनेने सुरक्षित राहतो. ज्याची पूर्वसूचना रस्त्याने दिलेली नाही, ते वळण जीव घेते. म्हणून काही वळण सुधारता येणारच नसेल, तर त्याच्या अलीकडचा रस्ताच क्रमाक्रमाने वेग उतरवणारा आखायला हवा: आधी ७० चे वळण, मग ५५ चे, मग ४० चे.

याच कारणाने सरळ रस्ता आणि वळण यांच्यामध्ये संक्रमण वक्र ठेवतात. त्याची त्रिज्या हळूहळू कमी होत जाते, त्यामुळे चालकाला सुकाणू हळूहळू फिरवता येते आणि रस्त्याचा तिरपेपणाही तेवढ्या अंतरात हळूहळू वाढवता येतो. पूर्वीच्या रस्त्यावर बऱ्याच ठिकाणी हा भाग नाही, आणि म्हणून वाहन वळणाच्या सुरुवातीलाच पलीकडच्या मार्गिकेत जाते. त्याशिवाय लांब वाहनाची मागची चाके पुढच्या चाकांचा माग सोडून आतून वळतात, त्यामुळे वळणावर रस्ता थोडा जास्त रुंद लागतो. ४१ ते ६० मीटर त्रिज्येच्या वळणावर दोन मार्गिकांच्या रस्त्याला ही वाढीव रुंदी १.२ मीटर सांगितली आहे.

कोकणाच्या पावसाशी थेट संबंध असलेली एक बारीक बाब इथे सांगायलाच हवी. डावे वळण संपून लगेच उजवे वळण सुरू होते तेव्हा रस्त्याचा तिरपेपणा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे फिरवावा लागतो, आणि तो फिरताना मध्ये कुठेतरी रस्ता आडव्या दिशेने पूर्ण सपाट होतो. त्या सपाट पट्ट्यावरून पाणी बाजूला वाहून जायला उतारच नसतो. तिथे लांबीच्या दिशेनेही पुरेसा उतार नसेल, तर जुलैच्या सरीत पाण्याचा पातळ थर साचून राहतो, वेगातली चाके त्या थरावर तरंगल्यासारखी होतात आणि ब्रेक व सुकाणू दोन्ही निरुपयोगी ठरतात. घाटात दोन उलट वळणे लागोपाठ आली की ही जागा हमखास सापडते. रचनाकाराने हा सपाट बिंदू रस्त्याला लांबीचा उतार असेल अशाच ठिकाणी आणायचा असतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात या गोष्टीला किरकोळ म्हणणे परवडत नाही.

दिसेल तेवढाच वेग

समोर अडथळा दिसल्यापासून गाडी पूर्ण थांबेपर्यंत जे अंतर कापले जाते, तेवढा रस्ता चालकाला कायम मोकळा दिसला पाहिजे. मानकांत प्रतिसादासाठी अडीच सेकंद धरून हे अंतर ताशी ४० ला ४५ मीटर, ६० ला ८० मीटर आणि ८० ला १२० मीटर असे सांगितले आहे. सरळ रस्त्यावर यात अडचण नसते. वळणावर मात्र आतल्या बाजूचा डोंगर, झाडी, एखादे दुकान किंवा फलकसुद्धा नजर अडवतो. ६० मीटर त्रिज्येच्या वळणावर ४५ मीटर पुढचे दिसायचे असेल, तर आतल्या मार्गिकेच्या मध्यापासून आत सव्वाचार मीटरपर्यंतची जागा मोकळी हवी. १३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ८० मीटर दिसायचे असेल, तर सहा मीटर. त्यासाठी डोंगराचा पायथा कापून, चालकाच्या डोळ्यांच्या उंचीवर मोकळी पायरी सोडावी लागते.

ही पायरी कापली तरी प्रश्न कायमचा सुटत नाही. पावसाळा सुरू झाला की महिनाभरात रान वाढते, आणि जी जागा मे महिन्यात मोकळी होती ती ऑगस्टमध्ये, म्हणजे नेमकी गणपतीच्या गर्दीच्या तोंडावर, माणसाच्या उंचीच्या झुडपांनी भरते. वळणाच्या आतल्या बाजूचे रान पावसाळ्यात दोनदा तोडणे हे सुरक्षिततेच्या खर्चातले सर्वांत स्वस्त काम आहे आणि कंत्राटाच्या देखभालीच्या कलमात त्याचा स्पष्ट उल्लेख असायला हवा. वळणदर्शक बाणांच्या पाट्या, रिफ्लेक्टर, कडेचे पांढरे पट्टे यांविषयी वेगळे सांगायला नको. धुक्यात आणि पावसात रात्री रस्त्याची कड दाखवणारे तेवढेच असते.

डोंगर कापताना

महामार्गावरच्या धोक्याचा कोकणातला अर्थ वाहनांच्या अपघातांपुरता नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीच्या पुरात ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्या व अन्य वाहने नदीत गेली. त्या जागी नवा पूल पुढच्या वर्षीच्या पावसाळ्याआधी उभा राहिला, यावरून निश्चय असेल तर काम किती वेगाने होते हेही दिसले. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत चिपळूणजवळ वाशिष्ठीवरील जुन्या पुलाचा भाग खचला आणि परशुराम घाटात दरड कोसळली. त्याच घाटातील काम पुढच्या वर्षी दिवसाचे काही तास वाहतूक बंद ठेवून करावे लागले.

परशुराम घाटासारख्या ठिकाणी डोंगर पुन्हा पुन्हा का घसरतो, हे समजण्यासाठी कोकणातली जमीन उभी कापून पाहावी लागते, आणि रस्त्यासाठी नव्याने केलेल्या कटिंगमध्ये ती आपोआप दिसते. वर जांभा असतो, तांबडा, भोकाभोकांचा, पाणी सहज आत घेणारा. खाली काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट. या दोहोंच्या मध्ये अनेक ठिकाणी कुजलेल्या खडकाचा, पांढरट-पिवळसर, हाताला साबणासारखा गुळगुळीत लागणारा चिकणमातीचा थर असतो. वरून झिरपलेले पाणी या थरापाशी अडते, त्याच्यावर साचते आणि दाब वाढवत जाते. डोंगराला धक्का लागलेला नसतो तेव्हा खालचा भार वरच्या भागाला तोलून धरतो. रस्ता रुंद करण्यासाठी पायथा कापला की तो आधारच जातो, आणि मग चार-पाच दिवसांच्या सलग पावसात वरचा जांभ्याचा भाग चिकणमातीवरून खाली येतो.

यावरचे उपाय अभियांत्रिकीला ठाऊक आहेत, नवे नाहीत. उंच कटिंग एकाच उभ्या भिंतीसारखे न ठेवता पायऱ्यापायऱ्यांनी कापायचे, म्हणजे वरून सुटलेला दगड पायरीवर अडतो. डोंगरमाथ्यावर, कटिंगच्या कडेपासून अंतर राखून, पाणी अडवून बाजूला नेणारे गटार काढायचे, म्हणजे कटिंगच्या तोंडावर पाणी येतच नाही. डोंगराच्या पोटात आडवे, छिद्रे असलेले पाइप बसवून साठलेले पाणी बाहेर काढायचे. सुटे खडक लोखंडी जाळीने बांधायचे, सैल भागात लांब सळ्या ठोकून त्या सिमेंटने पक्क्या करायच्या, पायथ्याशी जाळीत दगड भरून केलेल्या गॅबियनच्या भिंती उभारायच्या. या सगळ्यांत महत्त्वाचे काम पाण्याचे आहे. भिंत कितीही जाड बांधली तरी तिच्यामागे पाणी साचू दिले तर ती ढकलली जाणारच, आणि संरक्षक भिंती ढासळतात त्या बहुतेकदा मातीच्या भारापेक्षा या कोंडलेल्या पाण्याने. भिंतीतल्या पाणी झिरपण्याच्या भोकांमागे दगडगोट्यांची गाळणी आहे का, की थेट माती लोटून ती भोके पहिल्याच पावसात बुजणार आहेत, हे काम चालू असताना पाहण्यासारखे असते. एकदा भराव झाला की ते कोणालाच दिसत नाही.

दरीच्या बाजूचा भरावही असाच नाजूक. तांबडी माती थराथराने टाकून, प्रत्येक थरात ठरावीक ओलावा राखून, रोलरने दाबत वर आणायची असते. कोकणात हे काम ऑक्टोबर ते मे एवढ्याच काळात होऊ शकते, त्यामुळे मेअखेरीस घाईघाईने जाड थर टाकून वरून काँक्रीट केले की जुलैत भराव बसतो आणि वरच्या काँक्रीटच्या फरशीखाली पोकळी राहते. नव्या पुलाच्या दोन्ही टोकांना गाडी जिथे उसळते, तिथे बहुधा हेच झालेले असते: पूल खडकावर उभा असल्याने हलत नाही आणि त्याला जोडणारा भराव मात्र खचतो.

या बाबतीत कोकण रेल्वेचा अनुभव हाताशी आहे, आणि महामार्गाने तो घ्यायला हवा होता असे मला मनापासून वाटते. १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग सुरू झाल्यानंतर २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ दरड कोसळून गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक माणसे गेली; पुढच्याच पावसाळ्यात, १६ जून २००४ रोजी, महाड तालुक्याच्या हद्दीत दुसरा मोठा अपघात झाला. त्यानंतर रेल्वेने कटिंगचे उतार सौम्य केले, जाळ्या बसवल्या, पावसाळी गस्त वाढवली आणि पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवणारे वेगळे वेळापत्रक चालवले. महामार्गावर मात्र मे आणि जुलै या दोन्ही महिन्यांत वेगमर्यादेची पाटी तीच असते. घाटांपुरती तरी पावसाळी वेगमर्यादा वेगळी असायला काहीच हरकत नाही.

बोगदा हा घाट टाळण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग. पोलादपूर आणि खेडच्या मधल्या कशेडी घाटाखालून काढलेल्या सुमारे दोन किलोमीटरच्या जोड बोगद्यांनी जुन्या घाटातली नागमोडी चढउतार वाचवली आहे. परंतु बोगद्याचे स्वतःचे धोके असतात. बाहेरच्या उन्हातून आत शिरताना काही क्षण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तोंडाशी दिवे जास्त प्रखर आणि आत हळूहळू मंद असावे लागतात. आग लागली तर धूर बाहेर काढणारे पंखे आणि एका बोगद्यातून दुसऱ्यात जाण्याची वाट लागते. कशेडीत पाण्याची गळती झाली आणि ती बंद करण्यासाठी ग्राउटिंग, म्हणजे भेगांत दाबाने सिमेंटचे मिश्रण भरण्याचे काम, करावे लागले, यावरून कोकणातला डोंगर आतूनही किती ओला असतो हे कळते.

वाडी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना असते

घाटाइतकेच अपघात सपाटीवर, गावापाशी होतात, आणि तिथे मरणारा बहुधा पादचारी किंवा दुचाकीस्वार असतो. कोकणातले गाव एका ठिकाणी दाटीने वसलेले नसते. वाड्या पसरलेल्या असतात. घर रस्त्याच्या एका बाजूला, भातशेती दुसऱ्या बाजूला, शाळा आणखी पुढे आणि एसटीचा थांबा भलतीकडेच. जुना दोनपदरी रस्ता लोक कुठूनही ओलांडत. चौपदरी झाल्यावर मध्ये दुभाजक येतो, वाहने दुप्पट वेगाने येतात, आणि वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. भुयारी मार्ग एक किलोमीटर दूर असेल, तर डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई तेवढा हेलपाटा घालील अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. ती दुभाजक ओलांडणार. मग कोणीतरी दुभाजकाचे दगड काढून वाट करतो, तिथून दुचाकी जाऊ लागतात, आणि वर्षभरात तिथे अपघातप्रवण जागा तयार होते.

म्हणून ओलांडण्याच्या जागा नकाशावर सोयीचे अंतर मोजून ठरवता येत नाहीत. पूर्वापार पाणंद कुठे आहे, गुरे कुठून जातात, मुले शाळेला कुठून जातात, स्मशानाची वाट कोणती, हे त्या वाडीत बसून विचारावे लागते आणि भुयारी मार्ग तिथेच द्यावा लागतो. तो पावसात पाण्याने भरणार नाही असाही हवा, नाहीतर चार महिने तो असून नसल्यासारखा. एसटी मुख्य मार्गिकेत न थांबता बाजूच्या जागेत थांबावी, सेवारस्ता मध्येच संपून स्थानिक रिक्षांना व दुचाक्यांना उलट दिशेने महामार्गावर यायला लावू नये, ही त्याच विचाराची पुढची पावले आहेत. रात्री मोकाट गुरे काँक्रीटवर येऊन बसतात, कारण पावसाळ्यात तीच जागा कोरडी आणि उबदार असते. यावर रस्त्याच्या रचनेत पूर्ण उपाय नाही, ग्रामपंचायतीने आणि पशुपालकांनीच हात लावायचा तो प्रश्न आहे.

काम चालू असतानाचा रस्ता

पुनर्बांधणी वर्षानुवर्षे चालते तेव्हा डायव्हर्जन हाच लोकांचा रोजचा रस्ता होतो. चौपदरी काँक्रीट जिथे अचानक संपते आणि वाहतूक जुन्या डांबरी रस्त्यावर ढकलली जाते, ती प्रत्येक जागा वर सांगितलेल्या चकव्याचे टोकाचे रूप असते. तिथे पाऊणशे मीटरवर एखादा पत्रा आणि लाल फडके पुरत नाही. बऱ्याच आधीपासून सूचना, वेग उतरवणारे टप्पे, हळूहळू अरुंद होणारी आणि रात्री चमकणारी मार्गिका लागते. हा खर्च कंत्राटात धरलेला असतो, तो प्रत्यक्ष रस्त्यावर दिसावा असा आग्रह आपण धरायला हवा. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १९८अ हे रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल यांत ठरलेली सुरक्षा मानके पाळली नाहीत आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणा, सल्लागार किंवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करते. रक्कम अपुरी आहे, हे कोणीही मान्य करील. तरीही दोष केवळ चालकाचा असतो या समजुतीला कायद्याने दिलेला हा छेद महत्त्वाचा आहे.

सरकारी व्याख्येनुसार सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा एकूण दहा मृत्यू झाले, की ती जागा ब्लॅक स्पॉट ठरते आणि तिथे उपाय करण्याचे बंधन येते. म्हणजे नोंद व्हायलाच माणसे मरावी किंवा जबर जखमी व्हावी लागतात. त्याआधीचा मार्ग म्हणजे सुरक्षा तपासणी: आराखडा कागदावर असताना, काम चालू असताना आणि रस्ता खुला करण्यापूर्वी, रचनेशी संबंध नसलेल्या तज्ज्ञांनी केलेली पाहणी. कोकणापुरती तीत एक भर घालावी. ही पाहणी एकदा तरी जुलै महिन्यात, रात्री, भर पावसात व्हावी, कारण पाण्याचा थर कुठे साचतो, पाटी कुठे दिसत नाही आणि गटार कुठून उलटून रस्त्यावर येते हे जानेवारीच्या उन्हात कळत नाही.

रोज ये-जा करणाऱ्याला यातले पुष्कळसे आधीच दिसत असते. कोणत्या वळणावर गाडी बाहेर ओढली जाते, कुठे भिंतीतून गढूळ पाणी येऊ लागले आहे, कुठे वारंवार काचा पडलेल्या असतात. भिंतीतून येणारे पाणी स्वच्छ असेल तर निचरा चालू आहे असे समजावे. ते गढूळ झाले तर आतली माती वाहून येते आहे, आणि ही बाब त्याच दिवशी कळवण्याजोगी आहे. कळवताना ‘घाटातले मोठे वळण’ असे न लिहिता पिवळ्या माथ्याच्या दगडावरचा किलोमीटर, त्यापुढील अंदाजे मीटर, पनवेलकडे जाणारी बाजू की गोव्याकडे जाणारी, वेळ आणि छायाचित्र द्यावे, कारण महामार्गाची सगळी कागदपत्रे साखळी क्रमांकाने, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेल्या अंतराने, चालतात. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा मदत क्रमांक आहे, अपघात झालेला असेल तर ११२. आणि लेखी तक्रारीची एक प्रत ग्रामपंचायतीच्या आवक नोंदवहीत टाकून तिचा क्रमांक घेऊन ठेवावा.